जरीची कड काय सांगते?

"ही जर खरी आहे का हो?"

जुना शालू किंवा पैठणी ट्रंकेतून बाहेर निघाली की हा प्रश्न ठरलेला असतो. त्याचे उत्तर काढायची रीतही ठरलेली आहे. पदराच्या मागचा एखादा सुटा धागा ओढायचा आणि काडीच्या ज्योतीवर धरायचा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे धातूची बारीक नळी राहते. ती पांढरी निघाली तर चांदी, लालसर निघाली तर तांबे. धागा आक्रसून काळी गाठ झाली तर ते प्लॅस्टिक. ज्यांना आणखी खात्री हवी असते ते सोनाराकडे जाऊन कस लावून घेतात.

या परीक्षेने किंमत कळते. पण त्या धाग्याला विचारण्यासारखा आणखी एक प्रश्न आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो: हा धागा बनवला कसा? लोखंडाहून जड असे सोने आणि चांदी रेशमाइतके लवचीक कसे झाले, की त्यातून मोर विणता यावा आणि तो मोर शंभर वर्षे घडीत राहूनही मोडू नये? ज्यांनी हे केले त्यांनी आपली कृती सहसा लिहून ठेवली नाही. ती बापाकडून मुलाकडे हातांनी गेली आणि बऱ्याच ठिकाणी मध्येच थांबली. वस्तुसंग्रहालयांतले शास्त्रज्ञ गेली काही दशके ती कृती पुन्हा वाचायचा प्रयत्न करत आहेत आणि त्यासाठी त्यांच्याकडे मुख्य पुरावा एकच आहे, तो म्हणजे स्वतः धागा.

१. धाग्यात काय काय असते

दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन जुन्या पैठणीचा काठ पाहा. नुसत्या डोळ्यांना जो सोन्याचा सलग धागा दिसतो, तो सलग नसतो. रेशमाच्या बारीक धाग्यावर धातूची एक चपटी पट्टी वेटोळ्यांनी गुंडाळलेली दिसते. वेटोळी बहुतेक ठिकाणी एकमेकांना चिकटून असतात. जिथे धागा घासला गेला आहे तिथे ती फाकतात आणि फटीतून आतले रेशीम डोकावते. सोनेरी जरीच्या आत ते पुष्कळदा पिवळे किंवा नारिंगी असते आणि रुपेरी जरीच्या आत पांढरे. कारागिराने हे जाणून केलेले असते, कारण फट पडली तरी रंग उघडा पडू नये.

म्हणजे धाग्याचे दोन भाग झाले. आतला तंतू ताण सोसतो आणि बाहेरची पट्टी चमकते. जगभरातल्या बहुतेक जरीची रचना अशीच आहे. तंतू न वापरता नुसती चपटी पट्टीही विणकामात किंवा भरतकामात घेतात, तिला आपल्याकडे बादला म्हणतात. तंतूवर पट्टी गुंडाळलेल्या धाग्याला कलाबूत किंवा कसब म्हणतात.

पट्टी किती बारीक असते? यापुढे मायक्रॉन हे माप वारंवार येईल, म्हणून ते आत्ताच पाहून घेऊ. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे १ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. जरीच्या पट्टीची रुंदी बहुधा २०० ते ५०० मायक्रॉन, म्हणजे ०.२ ते ०.५ मिलिमीटर असते. जाडी मात्र अवघी १० ते २० मायक्रॉन. त्यावरचा सोन्याचा थर याहूनही कितीतरी पातळ असतो. तो किती पातळ, याचा हिशेब तिसऱ्या भागात करू.

पट्टी तंतूवर कोणत्या दिशेने गुंडाळली आहे, हेही संशोधक टिपून ठेवतात. एका कारखान्यात ही दिशा सहसा बदलत नाही, कारण हाताला एक सवय लागलेली असते. एकाच वस्त्रात दोन्ही दिशांचे धागे सापडले तर जर दोन ठिकाणांहून आली असावी किंवा मागाहून दुरुस्ती झाली असावी, असा संशय घेता येतो.

२. पट्टी करायचे दोन मार्ग

पहिला मार्ग कापण्याचा. धातू ठोकून पातळ पत्रा करायचा आणि त्याच्या अरुंद पट्ट्या कापायच्या. हा मार्ग फार जुना आहे. बायबलच्या जुन्या करारात, निर्गमाच्या ३९व्या अध्यायात, याजकाच्या वस्त्रासाठी सोन्याचे पातळ पत्रे ठोकून त्यांचे धागे कापल्याचा उल्लेख आहे. ग्रीसमध्ये व्हर्गिना येथे १९७७ साली मानोलिस आंद्रोनिकोस यांनी मॅसिडोनियाच्या राजघराण्याची थडगी उघडली. तिथल्या एका सोन्याच्या पेटीत अस्थींभोवती गुंडाळलेले जांभळे आणि सोनेरी वस्त्र मिळाले. ते ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातले आहे. इंग्लंडमध्ये डरहमला संत कथबर्टच्या शवपेटीतून १८२७ साली बाहेर आलेले भरतकामाचे पट्टे दहाव्या शतकाच्या आरंभीचे आहेत आणि त्यांतले धागे रेशमावर सोन्याची पट्टी गुंडाळून केलेले आहेत. त्या जुन्या काळातल्या बऱ्याच धाग्यांत पट्टी घन सोन्याचीच असे. पुढे सोने वाचवण्यासाठी चांदीच्या पत्र्यावर सोन्याचा वर्ख बसवून त्याच्या पट्ट्या कापण्याची रीत आली.

दुसरा मार्ग ओढण्याचा. धातूची कांब घ्यायची. पोलादी पट्टीला क्रमाने लहान होत जाणारी भोके पाडलेली असतात. कांबेचे टोक निमुळते करून एका भोकातून पलीकडे काढायचे आणि पकडीत धरून ओढायचे. मग त्याहून लहान भोक, मग त्याहून लहान. धातू ओढला की ताठर होतो, म्हणून मध्येमध्ये तापवून त्याला पुन्हा मऊ करावे लागते. जर्मनीत बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या भिक्षूने कारागिरीवर लिहिलेल्या ग्रंथात अशा भोकांच्या पट्टीचे वर्णन आहे. केसाएवढी तार झाली की ती चपटी करायची. युरोपात त्यासाठी दोन गुळगुळीत पोलादी रुळांमधून तार काढू लागले. आपल्याकडे कितीतरी तारा शेजारीशेजारी घेऊन त्यांवर ऐरणीवर हातोडी मारत. इतक्या बारीक तारेवर हातोडीचा घाव एकसारखा पडावा, यासाठी हाताला किती वर्षांचा सराव लागत असेल!

या दुसऱ्या मार्गातली खरी युक्ती ही, की सोने तारेवर चढवत नाहीत, ते कांबेवरच चढवतात. चांदीच्या जाड कांबेभोवती सोन्याचा वर्ख गुंडाळतात, तापवून आणि घोटून तो पक्का बसवतात आणि मग कांब ओढतात. चांदी लांब होत जाते तसे सोनेही तिच्याबरोबर लांब होते आणि कुठे फाटत नाही. पुरणपोळी लाटताना हेच होते. उंड्यात पुरण आणि पारी ज्या प्रमाणात असतात त्याच प्रमाणात ती लाटलेल्या पोळीतही राहतात. दोन्ही मिळून पातळ होतात आणि कडेपर्यंत पारीच वर असते. हा दृष्टान्त पुढे पुन्हा लागणार आहे.

३. हॅलीचा हिशेब

सोने कुठवर पातळ होते? या प्रश्नाचे एक नीट मोजलेले उत्तर एका खगोलशास्त्रज्ञाने दिले. धूमकेतूमुळे ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे त्या एडमंड हॅलीने १६९१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोनेरी तारेवरच्या सोन्याच्या जाडीचे माप मांडले. पदार्थाचे शेवटचे कण किती लहान असतील, हे त्याला जाणून घ्यायचे होते. त्यासाठी त्याने तार ओढणाऱ्या कारागिरांनाच गाठले, आणि हे मला फार आवडते. अणूच्या मापाचा शोध जरीच्या कारखान्यापर्यंत यावा, ही जरीच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे.

कारागिरांनी त्याला सांगितलेले आकडे असे. कांबेचा घेर ४ इंच, लांबी २८ इंच. चांदी १६ ट्रॉय पौंड, म्हणजे आजच्या मापाने जवळजवळ ६ किलो. तिच्यावर सोने ४ औंस, म्हणजे सुमारे १२४ ग्रॅम, आपले जवळजवळ पावणेअकरा तोळे. प्रमाण झाले चांदी ४८ भाग आणि सोने १ भाग. ओढून झाल्यावर सर्वांत बारीक तारेच्या दोन यार्डांचे, म्हणजे सुमारे १.८३ मीटरचे, वजन एक ग्रेन भरे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.

आता हिशेब आपणच करू. यात गुणाकार आणि भागाकारापलीकडे काही नाही.

सगळ्या कांबेचे वजन सुमारे ६,१०० ग्रॅम. ६५ मिलिग्रॅममध्ये १.८३ मीटर तार निघते, तर ६,१०० ग्रॅममध्ये निघेल जवळजवळ १७० किलोमीटर. हातभर कांब ओढली तर मुंबईहून निघालेली तार नाशिकपर्यंत पोचेल.

कांबेचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर होता. वजन आणि लांबीवरून तारेचा व्यास येतो ०.०६५ मिलिमीटर, म्हणजे केसाएवढा. व्यास सुमारे ४९० पटींनी कमी झाला.

कांबेवर सोन्याचा थर किती जाड होता? १२४ ग्रॅम सोने सगळ्या कांबेभोवती पसरले तर सुमारे ९० मायक्रॉन. पारी आणि पुरण एकाच प्रमाणात पातळ होतात, म्हणून सोन्याचा थरही ४९० पटींनी कमी होईल. ९० भागिले ४९०, म्हणजे ०.१८ मायक्रॉन. हॅलीचे स्वतःचे उत्तर होते इंचाचा १,३४,५००वा भाग, आणि तेही जवळपास एवढेच येते.

हॅली तारेपाशी थांबला. आपण एक पायरी पुढे जाऊ. ही तार चपटी करून पाव मिलिमीटर रुंदीची पट्टी केली आणि तिची लांबी वाढली नाही असे धरले, तर जाडी राहील साधारण १३ मायक्रॉन. गोल तारेचा घेर सुमारे २०५ मायक्रॉन होता. पट्टीचा घेर झाला सव्वापाचशे मायक्रॉन. तेवढेच सोने अडीचपट पृष्ठभागावर पसरले, म्हणून थर उरला ०.०७ मायक्रॉन. सोन्याच्या अणूंचे थर मोजले तर एकावर एक सुमारे तीनशे. तरीही डोळ्यांना ते सोनेच दिसते.

या हिशेबातून संशोधकांना मिळालेले साधन हे: चांदी आणि सोने यांचे प्रमाण कांबेपासून पट्टीपर्यंत टिकते. म्हणून धाग्याच्या दोन मिलिमीटरच्या तुकड्यात चांदीची आणि सोन्याची जाडी नीट मोजता आली, तर दोनशे वर्षांपूर्वी कांबेवर किती सोने घातले होते, ते सांगता येते. सोनेरी तारेतल्या सोन्याच्या प्रमाणावर अनेक राज्यांत नियम असत. ते पाळले गेले की नाही, हे धागा आजही सांगू शकतो.

४. कड

कापलेली पट्टी आणि ओढून चपटी केलेली पट्टी रेशमावर गुंडाळल्यावर वरून सारख्याच दिसतात. त्यांतला फरक ओळखण्याची जागा म्हणजे पट्टीची कड.

पुरणपोळी अखंड असेपर्यंत कडेला पारीच असते. सुरीने कापली की कापलेल्या जागी पुरण दिसते. जरीचेही तसेच आहे. सोने चढवलेला चांदीचा पत्रा कापला तर प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांना चांदी उघडी पडते. कड तीक्ष्ण असते, कधी कात्रीच्या दाबाने एका बाजूला वाकलेली असते, कधी खडबडीत असते. पत्र्याच्या एकाच बाजूला वर्ख लावलेला असेल तर पट्टीची आतली बाजूही रुपेरीच असते. उलट, सोने चढवलेल्या कांबेची तार ओढून चपटी केली तर कड गोलसर राहते आणि सोने पट्टीच्या चारही अंगांनी असते, आतल्या बाजूलाही.

दुसरी खूण पृष्ठभागावरच्या ओरखड्यांची. भोकाच्या कडेला जराशी खोच असली तरी तारेच्या अंगावर तिची रेघ उमटते आणि ती तारेबरोबर लांबवर जाते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा लांब समांतर रेघा दिसल्या तर तार ओढलेली आहे, याबद्दल फारसा संशय उरत नाही. कापलेल्या पट्टीवर अशा रेघा नसतात. तिच्यावर ठोकल्याच्या किंवा घोटल्याच्या खुणा कोणत्याही दिशेच्या असू शकतात. तिसरी खूण सांध्यांची. पत्रा जेवढा लांब तेवढीच पट्टी लांब, म्हणून कापलेल्या पट्टीला ठरावीक अंतरावर जोड द्यावे लागतात. ओढलेल्या तारेला ही अडचण नसते. हातोडीने चपटी केलेली पट्टी रुंदीला जागोजागी कमीजास्त होते. रुळांतून काढलेली एकसारखी राहते.

हंगेरीच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या मार्ता यारो यांनी १९८०च्या आणि १९९०च्या दशकांत युरोपातल्या मध्ययुगीन धाग्यांचा असा पद्धतशीर अभ्यास केला. कडा, जाडी, धातूचे प्रमाण आणि आतला तंतू अशा नोंदी अनेक वस्त्रांसाठी एकाच रीतीने केल्या, तेव्हा धाग्यांचे गट पडू लागले. सुटा धागा फार थोडे बोलतो. तारखेची खात्री असलेल्या वस्त्रांच्या रांगेत तो ठेवला की तो बराच बोलका होतो.

५. यंत्राची फसगत

इथे वाचक विचारतील: एवढे कशाला? क्ष-किरणांचे यंत्र लावले की सोने किती, चांदी किती, ते लगेच कळत नाही का? सोनारांच्या पेढीतसुद्धा आता अशी यंत्रे असतात.

आकडा लगेच मिळतो, हे खरे. त्याचा अर्थ लावताना मात्र जपावे लागते. ही यंत्रे धातूवर क्ष-किरण किंवा इलेक्ट्रॉन सोडतात. धातूतले अणू त्याला उत्तर म्हणून आपापले ठरलेले क्ष-किरण बाहेर टाकतात, सोन्याचे वेगळे आणि चांदीचे वेगळे. त्यावरून कोणते मूलद्रव्य किती, हे कळते. पण हे उत्तर फक्त पृष्ठभागावरून येत नाही, काही खोलीपर्यंतच्या सगळ्या अणूंकडून येते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या यंत्रासाठी ही खोली सामान्यतः मायक्रॉनच्या आसपास असते. पेढीतल्या यंत्रासाठी ती त्याहून बरीच जास्त असते, इतकी की जरीच्या पट्टीचे पुढचे तोंड, पोटातली चांदी आणि मागचे तोंड असे सगळे एकदम मोजले जाते.

आपल्या उदाहरणातला सोन्याचा थर ०.०७ मायक्रॉन आहे. यंत्र एक मायक्रॉन खोल पाहत असेल तर त्याला सोने थोडे आणि खालची चांदी पुष्कळ दिसणार. आकडा वाचणारा म्हणेल, "ही सोने मिसळलेली चांदी आहे." खरे तर तिथे काहीच मिसळलेले नाही; शुद्ध सोन्याचा थर शुद्ध चांदीवर बसलेला आहे. मिश्रधातू आणि मुलामा या कारागिरीतल्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि एका आकड्यात त्या सारख्या दिसू शकतात.

यावर उपाय दोन. एक, इलेक्ट्रॉनांचा वेग बदलून मोजायचे. वेग कमी केला की ते कमी खोल जातात. वेग कमी करताच सोन्याचा हिस्सा वाढला तर सोने वर आहे, हे ठरले. आकडा तसाच राहिला तर मिश्रधातू. दुसरा उपाय, धागा आडवा कापून त्याच्या छेदाकडे पाहायचे. यासाठी मागच्या बाजूचा आधीच तुटलेला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घेतात, पारदर्शक राळेत बसवतात आणि घासून छेद गुळगुळीत करतात. सोने फार मऊ असल्याने घासताना ते फासले जाते आणि थर आहे त्याहून जाड दिसतो. म्हणून अलीकडे काही प्रयोगशाळा आयनांच्या बारीक झोताने धाग्यावर काही मायक्रॉनांचा खड्डा कोरतात आणि त्या खड्ड्याच्या भिंतीत थर पाहतात. खड्डा इतका लहान असतो की नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

छेदात आणखीही गोष्टी दिसतात. सोने आणि चांदी यांची सीमा रेघेसारखी स्पष्ट आहे की पुसट, हे पाहतात. पुष्कळ तापवले की दोन्ही धातू एकमेकांत थोडे शिरतात आणि सीमा पुसट होते. सोन्याच्या थरात पारा सापडला तर सोने पाऱ्यात कालवून लावले आणि मग तापवून पारा उडवला, असे समजते. चांदीत शिसे आणि बिस्मथ यांचे अंश सापडले तर ती जुन्या भट्टीच्या पद्धतीने शुद्ध केलेली चांदी असण्याचा संभव असतो, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विजेच्या साहाय्याने शुद्ध होऊ लागलेल्या चांदीत असे अंश अगदी नगण्य राहतात.

६. सोने कमी, चमक तेवढीच

सोनेचांदी वाचवण्याचे इतरही मार्ग होते: कातडी आणि कागद यांवरही जर बनली आहे. मध्ययुगीन युरोपात जनावराच्या आतड्याच्या पातळ पडद्यावर सोन्याचा मुलामा दिलेला वर्ख चिकटवत, त्याच्या पट्ट्या कापत आणि त्या तंतूवर गुंडाळत. धागा हलका, मऊ आणि स्वस्त होई. आज असे धागे बहुतेक तपकिरी दिसतात, कारण वर्ख झिजून गेला आणि पडदा उरला. त्या पडद्यातल्या प्रथिनांच्या तुकड्यांची वजने मोजून तो कोणत्या प्राण्याचा आहे, हेही आता सांगता येते. चीन आणि जपानमध्ये कागद वापरत. जपानच्या किनरान नावाच्या कापडात हाती बनवलेल्या कागदावर झाडाच्या चिकाने सोन्याचा वर्ख बसवून त्याच्या बारीक पट्ट्या विणतात, आणि ही कला आजही चालू आहे.

तिसरा पर्याय तांब्याचा. तांब्याच्या तारेवर चांदी किंवा सोने चढवले की दर्शनी फरक कळत नाही. आज येवल्याच्या बाजारात जिला टेस्टेड जर म्हणतात ती याच कुळातली: तांब्याची तार, तिच्यावर चांदीचा आणि मग सोनेरी मुलामा. तिला खोटी म्हणण्याची पद्धत आहे, मला ती पटत नाही. विकताना काय आहे ते सांगितले असेल तर ती एक वेगळी जर आहे आणि तिच्यामुळे पैठणी पुष्कळ घरांत पोचली.

७. पुणे, येवले, सुरत

मुंबई इलाख्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरांत पुण्याच्या आणि येवल्याच्या जरीच्या धंद्याची वर्णने आहेत. चांदी शुद्ध करणारे, जाड तार काढणारे, बारीक तार ओढणारे तारकस, ती चपटी करणारे आणि रेशमावर गुंडाळणारे अशी कामे वेगवेगळ्या हातांत होती. गुंडाळण्याची रीत पाहण्यासारखी होती. रेशमाचा धागा उंचावरच्या आकड्यातून खाली सोडायचा, त्याच्या टोकाला चाती बांधायची आणि ती मांडीवर घासून गरगर फिरवायची. धागा स्वतःभोवती फिरू लागला की बादल्याची पट्टी त्याला नुसती लावून द्यायची. फिरता धागा तिला आपल्या अंगावर ओढून घेई. वेटोळी दाट बसणार की विरळ, हे पट्टी धरलेल्या बोटांच्या तिरकेपणावर ठरे.

आज जरीचे मोठे केंद्र सुरत आहे आणि तिथे सोने चढवण्याची पायरी उलटी झाली आहे. चांदीची तार ओढून, चपटी करून, रेशमावर गुंडाळून झाली की सगळ्यात शेवटी तयार धागा सोन्याच्या द्रावणातून नेतात आणि विजेच्या साहाय्याने त्यावर सोने बसवतात. इंग्लंडमध्ये १८४०च्या सुमारास विजेने मुलामा देण्याचा धंदा सुरू झाला. जरीत ही रीत त्यानंतरची.

याचा परिणाम कडेवर काय होतो? चौथ्या भागातला नियम लावला तर कड गोलसर आहे, म्हणजे तार ओढलेली. त्याच नियमाने सोने चारही बाजूंनी हवे. पण वेटोळे सोडवून पाहिले तर रेशमाला टेकलेल्या आतल्या बाजूला सोने अगदी कमी किंवा नाहीच. गोल कड आणि उघडी पाठ एकत्र दिसली की सोने गुंडाळल्यानंतर चढले, हे ओळखता येते. सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक पुरावा मिळतो. कांबेवर सोने चढवले असेल तर ओढण्याच्या रेघा सोन्यातच कोरलेल्या दिसतात. विजेने चढवले असेल तर सोने त्या रेघांवरून पसरून त्यांना बुजवू पाहते. एखादी पैठणी पेशवाईतली म्हणून विकायला आली आणि तिच्या जरीत ही लक्षणे दिसली, तर निदान ती जर तरी त्या काळची नाही.

काळे पडण्यातूनही हेच वाचता येते. सोने काळे पडत नाही. हवेतल्या गंधकयुक्त वायूने खालची चांदी काळी पडते आणि तो काळेपणा सोन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून व उघड्या कडांवरून वर येतो. कापलेल्या पट्टीत तो कडांपासून सुरू होतो, विजेच्या मुलाम्यात पाठीकडून. म्हणून काळी जर चकाकी आणणाऱ्या द्रावणाने किंवा पावडरीने घासू नये. ०.०७ मायक्रॉनचा थर घासायला फार वेळ लागत नाही आणि त्याबरोबर पुरावाही जातो.

८. तारीख माहीत असलेले धागे

जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे अजूनही दारावर येतात. साडी जाळली जाते, राखेतून धातू गाळला जातो आणि चांदीच्या भावाने पैसे मिळतात. ज्यांना गरज आहे त्यांना दोष देता येत नाही. पण वितळलेल्या चांदीत कड नसते, रेघ नसते, वेटोळे नसते. महाराष्ट्रात वापरलेल्या जरीचा जो अभ्यास होऊ शकला असता त्यातला किती भाग असा मुशीत गेला असेल, या विचाराने मला वाईट वाटते.

अभ्यासकांना सगळ्यात जास्त उणीव भासते ती तारीख पक्की असलेल्या नमुन्यांची. प्रयोगशाळा धागा कसा बनवला ते सांगते. तो केव्हाचा, हे तिला शेजारी ठेवायला ओळखीचा धागा असेल तरच सांगता येते. राजघराण्यांची वस्त्रे जपली जातात, पण त्यांच्या तारखा नेहमीच ठाऊक असतात असे नाही. घरातल्या लग्नाच्या शालूची तारीख मात्र पुष्कळदा पक्की असते, कारण लग्नाचे वर्ष कुटुंबाला ठाऊक असते आणि कधी फोटोही असतो. साडी विरली असेल, विकायची असेल किंवा तिचा ड्रेस शिवायचा असेल, तरी काठाचा बोटभर तुकडा आणि तुटलेले सुटे धागे कागदाच्या पाकिटात ठेवावेत. प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर टाळावे. रबरात गंधक असते. पाकिटावर पेन्सिलीने लिहावे: कोणाच्या लग्नातली, कोणत्या वर्षाची, कुठे घेतलेली, काठातला धागा की पदरातला.